तिवाठ्यावरची ओलांडणी

"थांबा, कुनी उतरू नका," असं ओरडत आनंदराव ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि पुण्याहून आलेली सर्व्हिस मोटार भोराबाहेरच्या तिवाठ्यावर उभी राहिली. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारीच्या पाठीला कोळशाच्या गॅसची टाकी लावलेली, तिचा धूर मागच्या बाकावरच्या बायकांच्या नाकातोंडात गेला. पण सगळ्यांचे डोळे समोर लागले होते.

रस्त्याच्या ऐन मधोमध एक पत्रावळ होती. तिच्यावर नाचणीची भाकरी, दहीभाताचा मुटका, कापलेलं लिंबू आणि वर भरपूर कुंकू. कुणाच्या तरी अंगावरून ओवाळून टाकलेला उतारा. तो ओलांडला की त्याची पीडा आपल्या मानगुटीवर बसते, हे ड्रायव्हरला काय आणि पाटलाला काय, सारखंच ठाऊक. आनंदराव खाली उतरला, चपला काढून हात जोडले आणि मग चाकं गटाराच्या कडेकडेनं घेत मुंगीच्या पावलानं मोटार पुढं काढली. तेवढ्यात बाजाराला निघालेल्या बाया डोक्यावरच्या पाट्या सावरत, पत्रावळीपासून दहा हात लांबून, रस्त्याच्या पलीकडं पोचल्या.

कडेला चिमाजी मैलकुली खडी फोडत बसला होता. मैलभर सडकेचे खड्डे बुजवायचे, गटारं काढायची, सडकेवर पडलेलं काही असेल ते उचलून टाकायचं, हे त्याचं काम. त्यानं मान वर केली नाही. उतारा त्यानंच तांबडं फुटायच्या आत ठेवला होता.

तीन वर्षांमागं, आषाढात, त्याची बायको चंद्राबाई त्याची भाकरी घेऊन याच तिवाठ्यावर रस्ता ओलांडत होती. वळणाआडून लॉरी आली. वळण असं की मोटार दिसते तेव्हा ती अंगावरच आलेली असते. चिमाजी वीस पावलांवर होता. त्यानं हाक मारली, तिनं हाकेकडं वळून पाहिलं आणि तेवढ्यातच व्हायचं ते होऊन गेलं. हाक मारली नसती तर, हा विचार त्यानं त्या दिवसापासून एकदाही पुरा केला नव्हता.

महिनाभरानं तो कचेरीत गेला. दोन्ही अंगांना पांढरे दगड, मध्ये चुन्याचे पट्टे आणि मोटार थांबवण्याची एक पाटी, एवढंच त्याचं मागणं. कारकुनानं अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला.

"'पादचाऱ्यांस ओलांडणी मिळणेबाबत' म्हंजे वो काय? हे पादचारी कोन?" चिमाजीनं विचारलं.

"पायांनी चालणारा."

"मंग आमी समदेच की!"

"म्हणूनच कुणाला घाई नाही," कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता, फक्त खरं बोलायची त्याला खोड होती.

अर्ज मंजूर झाला, पण चुना नव्हता. चुना आला तेव्हा पाटीचा पत्रा लढाईवर गेला होता. मग ओव्हरसीअर बदलला, आणि नव्यानं जागा पुन्हा पाहायची म्हटलं. जागा पाहायला तो कधी आलाच नाही.

अशात एका बाजाराच्या दिवशी कुणीतरी आजारी माणसाचा उतारा तिवाठ्यावर टाकून गेलं. चिमाजी तो उचलायला निघाला, तोच मोटार आली आणि थांबली. आतापर्यंत पोलिसाच्या शिट्टीला न थांबलेली मोटार अर्ध्या भाकरीपुढं उभी राहिली! चिमाजी आल्या पावली मागं फिरला. पुढच्या बाजारापासून दर खेपेला तो स्वतःच पत्रावळ मांडू लागला.

माणसं वाचली, पण बोभाटा व्हायचा राहिला नाही. दर बाजाराला उतारा येतो कुठून, अशी कुजबूज सुरू झाली. मग कुणाला हिरव्या लुगड्यातली बाई दिसली. कुणाला तिच्या हातातलं भाकरीचं फडकं दिसलं, म्हणजे ती चंद्राबाईच, असं लोक म्हणू लागले. एक जण शपथेवर सांगू लागला, की ती नेहमी मागं वळून बघत असते. हे शेवटचं ऐकलं तेव्हा चिमाजीच्या हातातून हातोडा गळून पडला. चंद्रानं मागं वळून पाहिलं होतं, हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

श्रावणात कचेरीचा कागद आला. सदर तिवाठ्यावर तीन वर्षांत एकही अपघात नाही, सबब ओलांडणीची जरुरी दिसत नाही. चिमाजीनं तो कारकुनाकडून दोनदा वाचून घेतला. माणूस मेलं तेव्हा चुना नव्हता, आणि आता माणसं मरत नाहीत म्हणून चुना नको. त्याला हसू आलं.

त्याच आठवड्यात त्याला हिवतापानं गाठलं. बाजाराच्या दिवशी सकाळी तो घोंगडीत कुडकुडत पडला होता आणि उतारा राहिला, उतारा राहिला, म्हणून बरळत होता. दुपारी आनंदराव विचारपूस करायला खोपटाशी आला.

"आज बी व्हता बग," तो आवाज खाली घेऊन म्हणाला. "भाकरी अजून ऊन व्हती. वाफ निघत व्हती चिमाजी, वाफ!"

तो गेल्यावर चिमाजीनं आपल्या विधवा बहिणीकडं, ठकुबाईकडं, पाहिलं. घरात तिसरं कुणी नव्हतं.

"आक्का, तू ठेवलास व्हय? तुला कवा कळलं?"

"कळायला काय? दर बाजाराला एक भाकरी कमी पडती," ठकुबाई म्हणाली. "पर म्या न्हाई ठेवला. म्या पाटंपासनं तुज्या डोक्यावर पट्टी धरून बसलीया. आज तर चूल बी पेटली न्हाई."

दोघं चुलीकडं बघत राहिली. राख गार होती.

ऊन भाकरीच्या बातमीनं ड्रायव्हर लोकांचा धीर सुटला. त्यांनी वेल्ह्याकडचा गेनबा देवऋषी आणला. तिवाठ्यावरच्या बाभळीत लोखंडी खिळा ठोकून बाईला बांधून टाकायची, आणि खिळा नवऱ्यानंच ठोकायचा, असं ठरलं. माणसं जमली. गेनबानं वीतभर खिळा चिमाजीच्या हातात दिला.

खिळा ठोकला तर ड्रायव्हरांचं भय जाणार आणि मोटारी पहिल्यासारख्या सुसाट सुटणार. उतारा माझा म्हणून सांगितलं तरी तेच. आणि चंद्राला खिळा ठोकायचा? लग्नात जिच्या हातावर हात ठेवला, तिला?

"हिला बांधू नगा," तो म्हणाला. "ती कुनाला काय करती का? उलट हितं राखन करती. तीन सालांत हितं कुनी मेलंय का, सांगा."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. गेनबानं डोळे बारीक केले.

"दहाव्याला कावळा शिवला व्हता का? नीट सांग. शिवला आसंल तर ती कवाच मोकळी झाली. मंग ही चंद्रा न्हवं, तिचं सोंग घेतल्यालं दुसरंच कायतरी हाय, आन् खिळा ठोकायलाच पायजे."

दहाव्याला धो धो पाऊस होता. नदीवर भटजी, चिमाजी आणि ठकुबाई, तिघंच. भटजी गेल्या साली वारले. पिंड दर्भावर ठेवून हात मागं घेतो न घेतो, तोच कावळा झडप घालून घास घेऊन गेला होता. बाई समाधानानं गेली हो, असं भटजी म्हणाले होते, आणि त्या एका वाक्यावर चिमाजीनं तीन वर्षं काढली होती.

"न्हाई शिवला," चिमाजी म्हणाला.

"कुनी सांगावं? साक्ष कोन?"

घोळक्यातून ठकुबाई पुढं आली. भावाच्या तोंडाकडं तिनं एकवार पाहिलं आणि पदर पुढं ओढला.

"म्या व्हते. सांजवर बसलो पावसात. न्हाई शिवला. हितं दुसरं कुनी मरू ने, हीच इच्छा ऱ्हायली आसंल तिची."

गेनबानं खिळा परत घेतला. बाईची इच्छा आहे तोवर ती राहणार, तिच्या वाटेला जाऊ नका आणि मोटार उभी केल्याबिगर पुढं नेऊ नका, असं त्यानं ड्रायव्हरांना बजावलं. आनंदरावनं सगळ्यांच्या वतीनं मान डोलावली. त्या दिवसापासून उतारा असो नसो, प्रत्येक मोटार तिवाठ्यावर थांबू लागली.

भाद्रपदात पितृपंधरवडा आला. नवऱ्यामागं नव्हे, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची अविधवा नवमी उजाडली. ठकुबाईनं पहाटे उठून खीर, वडे, भोपळ्याची भाजी केली आणि चंद्राच्या नावाचं पान खोपटाच्या छपरावर ठेवलं. खोपट तिवाठ्याला लागूनच होतं. मोटार थांबली तसा आनंदराव खाली उतरला, त्याच्या मागून दहापाच उतारू उतरले. सगळे छपराकडं माना वर करून उभे राहिले.

"शिवतोय का बगू आज," आनंदराव म्हणाला. "शिवला तर सुटली बिचारी. मंग हितं थांबायचं बी कारन न्हाई."

बाभळीवरून कावळा उतरला. पानाशी आला, मान तिरकी करून खिरीकडं पाहिलं आणि चोच पुढं केली.

"हाऽऽड!" चिमाजीनं ढेकूळ भिरकावलं.

कावळा उडाला, बाभळीवर बसला आणि लगेच परत आला. भुकेला होता, की आणखी काही, कोण जाणे. चिमाजीनं पुन्हा ढेकूळ मारलं. त्याचा नेम चुकत नव्हता. उतारूंनी हळहळत हात जोडले आणि मोटार हळूहळू निघून गेली. तिच्या मागून गवताचे भारे घेतलेल्या चार बाया निवांत रस्ता ओलांडून गेल्या.

"चिमा, गेली रं मोटार," ठकुबाई दारातून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आता तरी खाऊ दे की तिला."

कावळा तिसऱ्यांदा छपरावर उतरला होता. वळणापलीकडं दुसऱ्या मोटारीचा भोंगा वाजला. चिमाजीनं खाली वाकून आणखी एक ढेकूळ उचललं.