फुलांपाशी टाचलेल्या चिंध्या

शिंप्याच्या ताईला खोटं बोलण्याची हौस नव्हती, फक्त सवय होती. भाऊ सेहेचाळीस वर्षांचा झाला तरी बिनलग्नाचा, याचा तिला घोर लागलेला. त्यामुळे दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे त्याचा विषय काढताना तिनं त्याचे गुण सांगायला सुरुवात केली, आणि खरे गुण दोन मिनिटांत संपल्यावर पुढचे स्वतःच्या पदरचे घातले. नर्सबाई दर वसंतात सुट्टीच्या दिवशी डोंगरवाटेनं फुलं बघायला जातात हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती म्हणाली, "त्याला डोंगरातल्या फुलांचा भारी नाद. एकेक फूल नावानं ओळखतो."

"मग रविवारी येऊ देत माझ्याबरोबर," नर्सबाई म्हणाल्या. "वर जाऊन खाली येईपर्यंत माझं काय ते ठरेल."

हे कळल्यावर शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला फुलं माहीत होती ती छापील कापडावरची. पण नर्सबाई त्याला मनापासून आवडत होत्या, आजकालपासून नाही, दोन वर्षांपासून, आणि त्या एकदा नाही म्हणाल्या तर पुन्हा विचारायची आपली छाती नाही, हे तो ओळखून होता. म्हणून शनिवारी दुकान बंद ठेवून त्यानं भावोजींना गाठलं.

ताईचे यजमान शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. दोघं डोंगरवाटेला लागले तेव्हा ऊन लख्ख होतं, वाटेच्या दोन्ही अंगांना फुलं मोकळेपणी फुलली होती. भावोजी बोट दाखवून सांगत, "हे ॲनिमोन, हे क्रोकस, हे जेन्शियन," आणि शिंपी पुढच्या वळणाला पोचेपर्यंत सगळं विसरत असे. चौथ्या वळणावर त्याला शक्कल सुचली. दुकानात शिवायला आलेल्या प्रत्येक कपड्याला तो मालकाच्या नावाची चिंधी टाचतो. तशी फुलांना टाचली तर? टाचण्या, कात्री आणि खडू त्याच्या खिशात कायमच असत. कापडही होतं, एकच तुकडा. तो कापताना त्याचा जीव हळहळला, पण वेळच तशी होती. तळहाताएवढ्या अकरा चिंध्या झाल्या. मागे फिरून पहिल्या वळणापासून त्यानं सुरुवात केली आणि प्रत्येकीवर खडूनं नाव लिहून ती फुलाशेजारच्या गवतात टाचून ठेवली. भावोजींचं आयुष्य शाळेत कॉप्या पकडण्यात गेलं होतं. ते म्हणाले, "शाबास! मलासुद्धा पकडता आली नसती."

पहाटे पावसाची एक सर येऊन गेली. वसंतातली तिथली हवाच तशी, स्वेटर घालावा तर घाम फुटतो आणि काढावा तर हुडहुडी भरते. रविवारी सकाळी आभाळ भरलेलं होतं आणि बोचरा वारा सुटला होता. नर्सबाई झपाझप पुढे, शिंपी धापा टाकत मागे. सगळ्यांसारखा तोही त्यांना आजवर 'सिस्टर' म्हणत आलेला. लग्नाच्या बोलण्यात ते शोभणार नाही म्हणून आज त्यानं त्यांना हाकच मारली नव्हती. त्यामुळे त्यांना थांबवायची सोय नव्हती.

पहिल्या वळणावर त्या आपणहून थांबल्या. "हे कोणतं हो, मास्तर?"

शिंप्यानं पाहिलं तर फूल जागेवरच नव्हतं. ऊन नसलं की ही फुलं मिटून बसतात, हे भावोजींनी सांगितलंच नव्हतं. हिरवट, आवळलेलं काहीतरी तेवढं दिसत होतं. त्यानं हळूच चिंधीकडे नजर टाकली. चिंधी कोरी होती. शिंप्याचा खडू पाण्यानं जावा म्हणूनच केलेला असतो. ही गोष्ट साऱ्या जगात ज्याला सगळ्यात आधी आठवायला हवी, तो माणूस तोंड उघडं टाकून उभा होता.

"मिटलेल्या फुलाला नावानं हाक मारू नये," तो म्हणाला. "झोपमोड होते."

दुसऱ्या वळणावर त्यानं छातीठोकपणे 'ॲनिमोन' सांगितलं. तिसऱ्या वळणावरही ॲनिमोनच.

"मघाचं पिवळसर होतं. हे तर निळं दिसतंय," नर्सबाई म्हणाल्या.

"कुटुंब मोठं आहे," शिंपी म्हणाला.

चौथ्या वळणावर त्या खाली वाकल्या. शिंप्याला वाटलं, फूल बघतायत. त्या गवतातली चिंधी उपसून उभ्या राहिल्या. निळ्यावर पांढरे ठिपके.

"हे कापड माझं आहे," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षीच्या कुडत्याचं. बाह्या कोपरापर्यंतच आल्या, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, कापड कमी पडलं."

नर्सबाई मागे फिरून आधीच्या तीन चिंध्या घेऊन आल्या आणि पुढच्याही एकेक गोळा करत चालल्या. अकरावी हातात आली आणि गारा सुरू झाल्या. दोघं धावत एका कातळाच्या कपारीत शिरले. तिथं नर्सबाईंनी मांडीवर चिंध्या शेजारी शेजारी लावल्या.

"दोन्ही बाह्या मनगटापर्यंत आल्या असत्या," त्या म्हणाल्या.

"आल्या असत्या," शिंपी म्हणाला. आता पितळ उघडं पडलंच होतं, मग झाकायचं काय? "बाह्या पहिल्याच खेपेला नीट बसल्या असत्या, तर तुम्ही परत आला नसता. आखूड होत्या म्हणून तीनदा भांडायला आलात."

"आणि कापड इथं कसं आलं?"

"ते खिशातच असतं."

गारा कातळावर ताडताड वाजत होत्या. नर्सबाईंनी चिंध्यांची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"फुलं किती ओळखता?"

"एकही नाही. भावोजी ओळखतात."

"ताई म्हणाल्या, पहाटे पाचला उठता."

"आठला. तेही ताईनं हलवलं तर."

"घोरत नाही म्हणाल्या."

"घोरतो. शेजारी भिंतीवर थापा मारतात."

"राग म्हणून येत नाही म्हणे."

"कपडा जळला की येतो. इस्त्रीशी भांडतो मी."

"मग त्यांनी सांगितलेल्यातलं खरं काय आहे?"

शिंप्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "उंची," तो म्हणाला. "आणि एक खरं ताईनं सांगितलं नसेल, कारण ते मी तिलाही बोललो नव्हतो. मला तुम्ही फार आवडता. ते माझं मीच सांगायचं, असं ठरवलं होतं. दोन वर्षं झाली, जमलं नाही."

गारा थांबल्या, ढग फाटले आणि कपारीसमोरची निळी फुलं उन्हात सावकाश उघडू लागली. नर्सबाई ती बघत बसल्या. शिंपी त्यांच्याकडे बघत बसला, आणि या खेपेला त्यांनी कशाचंच नाव विचारलं नाही.

दुपारी दोघं खाली उतरले तेव्हा ताई फाटकाशीच उभी होती. तिला कुठला दम निघायला! "काय मग? पटला का आमचा भाऊ?"

"ताई, तुम्ही सांगितले होते ते गृहस्थ काही आले नाहीत," नर्सबाई म्हणाल्या. "त्यांच्याऐवजी हे आले. मला हे चालतील."