पिंजाऱ्याच्या घरची पुरचुंडी

मी एक जुनी, शेकायची पुरचुंडी आहे. मित्रांनो, हसू नका! माझ्यात विस्तव नाही की औषध नाही. चुलीची ऊब मी उसनी घेते आणि चूल विझल्यावरही धरून ठेवते. एवढ्याशा भांडवलावर मी एक लग्न गाजवले आहे.

कापड रेशनवर मिळायचे, त्या काळात सोनईच्या हसीनाभाभींनी मला गादीच्या उरलेल्या तुकड्यातून शिवले. पोटात सरकी भरली, म्हणजे कापसाचे बी. घर पिंजाऱ्याचे, तिथे दुसरे काय मिळणार? त्यांचे पती पीरमहंमद साऱ्या गावाच्या गाद्यांचा कापूस पिंजायचे. पण लेक बानूचे लग्न तोंडावर आले आणि त्यांचा उजवा खांदाच आखडला. तिची गादी भरायची, तर कापूस पिंजायची धनुकलीच पेलवेना. पाहुणे म्हणाले, नेवाशाहून दुसरा पिंजारी आणू.

"माझ्या पोरीच्या गादीला दुसऱ्याची धनुकली? न्हाई जमायचं!" पीरमहंमद गरजले आणि कळ आली म्हणून लगेच खाली बसले.

मग माझी नेमणूक झाली. हसीनाभाभी मला गरम तव्यावर टेकवायच्या, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहायच्या आणि मगच खांद्यावर ठेवायच्या. हळूहळू हात कानापर्यंत वर जाऊ लागला. मी तर फुगूनच गेले! पण गर्वाचे घर खाली. एका सकाळी मी ओट्यावर उन्हात पडले होते. शेजारच्या राहीबाईंची म्हैस सुटली, तिला सरकीचा वास लागला आणि तिने मला फाडून दाणा न् दाणा फस्त केला. माझे जाऊ द्या, मित्रांनो, मला बानूच्या गादीची काळजी लागली.

राहीबाई धावत आल्या. "भाभी, माझ्या म्हशीनं घात केला बगा! थांबा, आता हिच्यात असं भरते, की म्हस काय, रेडा बी तोंड लावायचा न्हाई."

त्यांनी ओढ्याची वाळू धुऊन, वाळवून माझ्या पोटात भरली. फाटले होते तिथे आपल्या लुगड्याचे ठिगळ लावले. आणि काय सांगू! सरकीची ऊब घटकाभर टिकायची, वाळूची मात्र खांदा सैल होईपर्यंत हटेना.

लग्नाच्या दोन दिवस आधी अंगणात धनुकली घुमू लागली. सारी आळी जमली. पीरमहंमदांच्या मिशांवर कापूस बसला होता आणि ते पोट धरून हसत होते.

"राहीबाय, तुमच्या म्हशीचे लई उपकार झाले!"

"मग तिलाबी लग्नाला बोलवा की!"

नव्या गादीवर मला मानाने बसवून बानू सासरी निघाली. मला केवढा आनंद झाला!

तेव्हा मित्रांनो, घरात माझी एखादी बहीण असेल तर तिला अडगळीत टाकू नका. तापवल्यावर आधी मनगटाला लावून पाहा. टाका उसवला तर लगेच घाला. माझे ठिगळ मात्र कुणी काढू नका, तो माझा बिल्ला आहे. आणि मला खुशाल ओट्यावर ठेवा. येऊ दे म्हणावे आता कुठलीही म्हैस!