कागदाची पुडी

"आई, यंदा तुम्ही नुसत्या बसा. आयतं जेवा," सून डेनिस म्हणाली.

आयतं म्हणे. वर्नाला तो शब्द झोंबला. लग्न होऊन ओहायोतल्या या घरात आल्यापासून थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की तिच्याच हातची. एका वर्षी बर्फाच्या वादळात वीज गेली, तर तिने तळघरातल्या लाकडांच्या शेगडीवर तुकडे करून ती शिजवली होती. सासरे, कधी बरं न बोलणारे, हाडं चोखत बसले होते. ते सगळं गेलं वाऱ्यावर. लक्षात राहिली ती गेल्या वर्षीची पुडी.

टर्की विकणारे कापलेली मान आणि काळीज पक्ष्याच्या आतच कोंबून देतात, काळीज कागदाच्या पुडीत, कधी पोटाकडून तर कधी मानेकडून. भाजण्याआधी ते काढायचं असतं. गेल्या वर्षी ती पुडी आतच राहिली आणि बशीत कागद आला. तेव्हापासून दीर ऑर्विल भेटला की विचारायचा, "काय वहिनी, आज कागदाची भाजी का?"

खरं तर वर्नाचं मनगट दुखत होतं, म्हणून पक्षी साफ केला होता रसेलने. तिच्या लेकाने. सगळे हसले तेव्हा हा पठ्ठ्या मान खाली घालून बटाटे वाढून घेत राहिला. आज सांगेल, उद्या सांगेल म्हणून वर्नाने वाट पाहिली. नाताळ गेला, ईस्टर गेला. आपल्याच लेकाची चहाडी आईने कुठल्या तोंडाने करायची?

आणि आज सिंकपाशी पुन्हा तोच.

"आतलं काढलंस?" तिने खुर्चीतूनच विचारलं.

"काढलं. ही बघ मान."

"आणि पुडी? मानेच्या बाजूनेही हात घाल."

"आई, तू बस बरं."

वर्ना बसली. ओठ घट्ट मिटून, टर्की भाजून होईपर्यंत.

जेवायला चौघंच. रसेलने सुरी चालवली, मानेकडची कातडी सुटली आणि करपलेला कागद बाहेर डोकावला.

ऑर्विलचा काटा हातातच राहिला. "वहिनी, तुम्ही तर आज स्वयंपाकाला हातही लावला नाहीत."

"नाही लावला."

डेनिसने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "गेल्या वर्षी कोणी साफ केली होती रे?"

रसेलचे कान लाल झाले. "मीच."

"वर्षभर भाऊजी मला कागद वाढत होते," वर्ना म्हणाली, "आणि तू बसून ऐकत होतास."

"अगं, सगळं हसण्यावारी चाललं होतं."

"हसत तुम्ही होतात. मी नव्हते."

तिने सुनेपुढे हात केला. डेनिसने कमरेचा एप्रन सोडून तिच्या हातात दिला. वर्नाने तो बांधला, लेकाच्या हातातली सुरी घेतली आणि पुडी उचलून, कागदासकट, त्याच्या बशीत ठेवली.

"आधी हे संपव. मग टर्की."