काचेच्या मागे

विद्यापीठाच्या त्या प्रयोगशाळेत एक रीत होती, आणि ती सरांनीच पाडली होती. ज्याने नवी काच बनवली, त्यानेच तिच्या मागे उभं राहायचं आणि समोरून पोलादी गोळी झाडून घ्यायची. एकाच काचेवर दोनदा. ज्याला स्वतःच्या मालाचा भरवसा नाही त्याने घरी बसून भांडी घासावीत, असं सर म्हणत आणि सगळे माना डोलवत. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की ते काढणं कुणाच्या बापाला जमत नाही.

थोरली तिथे गोळी झाडायचं यंत्र सांभाळी. तिच्या मागोमाग धाकटा भाऊही तिथेच संशोधनाला आला होता. चार वर्षं हाडाची काडं करून त्याने ही काच बनवली होती. तिची कातडी घट्ट आवळलेली आणि आतला गाभा ताणलेला. तोंडावर हातोडा घातला तरी ढिम्म हलायची नाही. पण कातडी कुठे खोल कापली गेली, तर आतला सगळा ताण एका दमात सुटून काचेच्या ठिकऱ्या उडणार, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

पहिली गोळी बसली. खोलीभर दणका घुमला, काच जशीच्या तशी. मागे उभा असलेला भाऊ दात काढून हसत होता. थोरली काच तपासायला जवळ गेली आणि खाली वाकली. खालच्या कोपऱ्यात नमुन्याचा आकडा कोरलेला होता. धातूच्या पट्ट्यांवर सगळे हिऱ्याच्या टोकाने आकडा कोरत, काचेवर मात्र कागदाची चिठ्ठी डकवायची असे. चिठ्ठी सारखी सुटते म्हणून पठ्ठ्याने हाताच्या सवयीने काचही कोरून टाकली होती. आणि शेवटच्या साताच्या टोकातून केसाएवढी एक रेघ पुढे सरकली होती. गोळीच्या आधी ती तिथे नव्हती.

तिने सरांना आणि भावाला रेघ दाखवली. सरांनी चष्मा पुसून पाहिलं आणि वरवरचा ओरखडा आहे म्हणाले. भावाने तर पाहिलंही नाही.

"ताई, माझी काच आहे. मला कळतं," तो म्हणाला आणि मागे जाऊन उभा राहिला.

तिने यंत्राला हात लावायला नकार दिला. मग सर स्वतःच यंत्राच्या बटणाकडे निघाले. थोरलीचं डोकं फिरलं. काचेची चौकट आवळायचा लोखंडी पाना टेबलावर होता. तो तिने उचलला आणि सरांच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट आला. सर गुडघ्यांवर कोसळले.

भाऊ चौकटीमागून धावत आला. बहिणीला वेड लागलं असंच त्याला वाटलं असणार. त्याने तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. तिचा ओठ फाटला. ती त्याच्या दंडाला कडकडून चावली, रक्ताची चव तोंडात येईपर्यंत. लहानपणी दोघं कितीदा तरी एकमेकांच्या झिंज्या उपटत, पण तेव्हा कुणाला खरंच मारायचं नसे. आता तो मारत होता. आणि तिकडे सर डावा हात पुढे करून बटणाकडे सरपटत होते.

भाऊ आता काचेमागे नव्हता, तिच्या पाठीमागे होता. तिला तेच हवं होतं. त्याच्या हातात केसांची बट सोडून ती सुटली, काचेसमोर गेली, डाव्या हाताने डोळे झाकले आणि साताच्या टोकावर पाना घातला.

काच फुटली म्हणणं कमीच. ती उडाली. थोरली मागे फेकली गेली.

भावाने आधी रिकामी चौकट पाहिली. "चार वर्षं, ताई," तो म्हणाला, आणि पडलेल्या बहिणीच्या बरगडीत त्याने लाथ घातली. मग त्याला तिचा उजवा हात दिसला. कातडीच्या चिंध्या लोंबत होत्या आणि दोन बोटं जागेवर नव्हती. मग काचेमागे तो आधी जिथे उभा होता तिथली लाकडी फळी दिसली. त्याच्या गळ्याच्या उंचीवर काचेचे तुकडे फळीत खोल रुतले होते.

तो तिच्याजवळ खाली बसला. अंगातला सदरा काढून त्याने तिचा हात आवळला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. थोरलीला त्या रडण्याने इतकं बरं वाटलं, की दुखणं क्षणभर मागे पडलं. वाचला होता तिचा भाऊ.

मोडकं मनगट छातीशी धरून सर कोपऱ्यात बसले होते.

"दुसरी कधी तयार होईल?" त्यांनी विचारलं.

"महिनाभरात, सर," भाऊ म्हणाला. मान वर न करता, तिची जखम दाबता दाबता.

थोरलीने डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत दिली.

"परत म्हण," ती म्हणाली.

तो काही म्हणाला नाही. तिने तरीही आणखी एक ठेवून दिली.