पावलेबाबांचं कुंकू

गुरुवार उजाडला की भाट्याच्या वरच्या सड्यावर, त्या कातळमाळावर, नुसती जत्रा लोटायची. मांडवात पावलेबाबा झालेला महिपत पाटावर बसलेला, पाय पितळी परातीत, तळव्यांना हळदीचा जाड लेप. शेजारी त्याचा मेहुणा बाबल्या कळशी घेऊन उभा.

"हात लावा, माऊली! चटका बसंल! ही पावलं न्हवं, देवाची चूल हाय!"

बाबल्यानं धार सोडली की परातीतलं पाणी लालभडक व्हायचं. "कुंकू पाझरलं!" म्हणत लोक परातीवर तुटून पडत. कुणी ते बाटलीत भरून नेई, कुणी डोळ्यांना लावी. बाबल्याला नारळ ठेवायला जागा पुरेना.

महिपतची बायको राही हिचा जीव मात्र टांगणीला लागला होता. तिचा नवरा आंब्याच्या बागेचा राखणदार. वर्षभर त्याचे तळवे लाल होऊन भाजत होते. बाबा व्हायला तो का तयार झाला, हे एकट्या तिलाच ठाऊक. "थंड पाणी पडतंय ना पायावर," तो म्हणे, "मग म्हणंनात बाबा." देवपण घेतलं ते एवढ्याशा गारव्यासाठी! पण त्या आठवड्यात पायाची करंगळी काळपट दिसू लागली, तशी ती भावाला, बाबल्याला, न विचारता तडक कुसुम डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेली.

पुढच्या गुरुवारी बाई रांगेत उभ्या. हातात स्वतःची कळशी.

"आज माझं पाणी घालू या, बाबलराव."

"दुसऱ्याचं पाणी देवाला चालत नाय!"

"अहो, तुमच्याच विहिरीचं आहे."

बाबल्या आडवा येईपर्यंत राहीनंच ती कळशी घेतली आणि नवऱ्याच्या पायावर ओतली. परातीत पाणी पिवळं झालं आणि पिवळंच राहिलं. मग बाईंनी बाबल्याच्या कळशीतलं पाणी त्यात ओतलं. झालं लाल!

"चुन्याची निवळी," बाई म्हणाल्या. "हळदीला चुना लागला की लाल होते. घरी करून बघा, गुरुवारची वाट कशाला बघता?"

बाबल्या कळशीसकट मागच्या मागे सटकला.

"पण पाय तापतात ते?" म्हाताऱ्या यमुनाबाई हटून बसल्या. "मी हात लावलाय. ते खोटं नाय."

"खोटं नाही, आजार आहे," बाई म्हणाल्या आणि महिपतचं रक्त घेऊन गेल्या.

तपासणीत रक्तातल्या प्लेटलेट दहा लाखांच्या वर निघाल्या. असाव्यात दीड ते साडेचार लाख. बाईंनी राहीला समोर बसवून सांगितलं, "जखम झाली की रक्त थांबवायला ह्या कणिका लागतात. पण फार झाल्या की बारीक धमन्यांत गुठळ्या करून बसतात, म्हणून पाय भाजतात. आज करंगळी आहे, उद्या मेंदू नाहीतर हृदय असेल. रक्ताच्या कर्करोगातलाच हा एक प्रकार, पण संथ. मुंबईला हाडातला मगज तपासून खात्री करू. औषध चालू ठेवलं, वरचेवर रक्त तपासलं, तर माणूस बरीच वर्षं काढतो. तोवर ही ॲस्पिरिन. मात्र माझ्या देखरेखीखाली, मनानं नाही."

राही ढसाढसा रडली. मग पदरानं डोळे पुसून तिनं गोळी कशी द्यायची ते दोनदा विचारून घेतलं.

पुढच्या गुरुवारी सवयीनं माणसं आलीच. महिपत अंगणात पाय पसरून बसला होता. यमुनाबाईंनी तळव्याला हात लावला आणि चपापल्या. "अगो बाय, थंड! देव गेला गो!"

"देव नाय गेला, मावशी, आग गेली," राही उसळून म्हणाली. "एवढी माणसं ह्यांचे पाय धुऊन गेली. एकानं तरी इचारलान का, दुखतंय का म्हणून?"

चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी माणसानं एवढं तरी विचारावं की हे होतं कसं आणि यात कुणाला दुखतंय का. त्याला पैसा लागत नाही आणि देवही रागावत नाही.

यमुनाबाई हळूच महिपतजवळ टेकल्या. "दुखतंय का रं, बाबा?"

"कालपास्नं नाय," महिपत म्हणाला.