डोळ्यांची आखणी

पांढरं

आधी पांढरं भरायचं. दोन्ही डोळ्यांत, एका दमात.

किमयाचा हात परीक्षेत कापायचा. थोडाथोडका नाही. पेपरातलं अक्षर तिचं तिलाच लागत नसे. प्रॅक्टिकलला काचेची नळी धरली की ती स्टँडवर अशी किणकिणायची, की शेजारच्या टेबलावरची पोरं मोबाईल वाजला म्हणून खिसे चाचपायची. दुसऱ्या वर्षाचे दोन विषय या हातानेच राहिले. रोह्याजवळ वरशाला घरी आई म्हणायची, "अभ्यास केला की हात कापत नाय." अभ्यास केला होता. कापला.

आणि हाच हात दुपारी कॉलेज सुटल्यावर, पेणलाच, पुंडलिकमामाच्या गणपतीच्या कारखान्यात बारीक ब्रश धरायचा तेव्हा गप्प व्हायचा. सांजच्या गाडीने रोह्याला परतेपर्यंत गप्प. दिवसातले तेवढे तास ती माणसात असे.

मामाच्या कारखान्यात डोळ्यांचे दोन नियम. डोळे करणाऱ्यापुढे गोणपाटाचा पडदा, समोर कुणी उभं राहायचं नाही. आणि डोळे करणाऱ्याला छान म्हणायचं नाही. कधीच. मामा पडद्यापलीकडून एवढंच विचारायचा, "झाला?" ती म्हणायची, "झाला." की पुढची मूर्ती. का, असं तिने एकदा विचारलं होतं. मामा म्हणाला, "छान म्हटलं की हाताला कळतं, आपण हात आहोत."

उंदीर आणि पाट रंगवणाऱ्यांवर मात्र मामा दिवसभर छान उधळायचा. पाट रंगवायचा मामाचा मुलगा साईराज. "मला छान, हिला डोळे," तो पडद्याकडे बघून ओरडायचा. "बदली करा रे कुणीतरी!"

तांबूस

मग कोपऱ्यात किंचित तांबूस. जास्त झालं तर देव रडलेला दिसतो.

हाताचं गुपित किमयाने एकट्या नूतनला सांगितलं होतं. नूतन खांब गावची, वर्गातली, जिवाची. कॉलेजात मानसिक आरोग्याचा सप्ताह लागला आणि नूतनने प्रोजेक्ट घेतला: विद्यार्थ्यांचा ताण आणि त्यावरचे उपाय.

"सगळ्यांनी योगा नि गाणी लिवल्यात गो. तुझ्यासारखं कुणाकडंच नाय. स्टेजवर एक मूर्ती कर, बस."

"लोकांसमोर?"

"पडदा लावू ना! मी सांगते सरांना. आईशप्पत."

किमया नाही म्हणू शकली असती. पण विषय राहिलेली, केटीवाली म्हणून ओळखणाऱ्या त्या कॉलेजने एकदा तरी आपला हात पाहावा, असं तिला वाटलं. खरं तर फार वाटलं.

मामाने मूर्ती दिली. वर गोणपाटाची घडीही दिली. "मूर्ती ऱ्हायली तरी चालेल, ह्ये इसरू नको."

काळं

कार्यक्रमाच्या दिवशी किमयाने स्टेजवर पडदा बांधायला सुरुवात केली, तर माईकवरून सर म्हणाले, "अगं, झाकलंस तर दिसणार काय? कार्यक्रम आहे ना हा!" सभागृह हसलं. किमयाने नूतनकडे पाहिलं. नूतन लॅपटॉपची वायर शोधत होती.

"मित्रांनो," सर म्हणाले, "या मुलीचे दोन विषय राहिलेत. परीक्षेत हिचा हात कापतो. हो ना गं? अक्षरशः थरथरतो. आणि आता बघा!"

दोनशे माना किमयाच्या हाताकडे वळल्या. तिनेही पाहिलं. एरवी ती बुबुळाकडे बघायची, हाताकडे नाही.

उजवा डोळा झाला.

"वा! किती छान! टाळ्या!" सर माईकवर ओरडले.

ती डाव्या डोळ्याकडे वळली.

काळं, डावा डोळा

ब्रश बुबुळावर टेकला तो तिथेच थरथरायला लागला. कडेची रेघ सुटली, गालावरून घसरली, सोंडेवर गेली. देव तिरळा झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाप्पाला पण केटी!"

हसण्याने पंखे हलले म्हणावं इतकं हसले सगळे. मोबाईल वर झाले. किमया पुसायला गेली, काळं पसरलं. उपाय दाखवायचा होता, रोग दिसला. सरांचं काहीच अडलं नाही. "बघा, हाच तो ताण!" ते खूश होऊन म्हणाले. "याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? नूतन, पुढची स्लाइड."

नूतनने किमयाकडे पाहिलं. पाहिलं, एवढं तरी म्हणायला हवं. मग पुढची स्लाइड लावली.

प्रोजेक्टचं पहिलं बक्षीस नूतनलाच मिळालं. गाडी रोह्याला पोचायच्या आत तिरळ्या बाप्पाचा स्टिकर वर्गाच्या ग्रुपवर आला होता. नूतनने त्यावर काही टाकलं नाही. हसणंही नाही, थांबवणंही नाही.

रेघ

दुसऱ्या दिवशी बिघडलेली मूर्ती मामाने पाण्याच्या पिंपात सोडली. शाडूच ती, विरघळते. किमया पडद्याआड बसली, नवी मूर्ती घेतली, पांढरं भरलं, तांबूस लावलं, काळ्यात ब्रश बुडवला. समोर गोणपाट होतं आणि गोणपाटाला चारशे डोळे होते. तिने हाताकडे पाहिलं.

"झाला?"

तिने ब्रश पुन्हा काळ्यात बुडवला.

"किमे, झाला?"

"होतोय."

पिंपात दुसरी मूर्ती गेली. मग तिसरी. मामी दारातून म्हणाली, "पोरीला जरा बसू द्या की वो." मामा म्हणाला, "गणपती बसायचे थांबतात व्हय?"

चौथी मूर्ती त्याने साईराजकडे दिली. साईराजला इतकी वर्षं हेच हवं होतं. आता तो किमयाकडे न बघता पडद्याआड गेला.

"झाला?"

"झाला."

ठिपका

शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. तो दिला की देव बघतो.

पाट

मामाने किमयापुढे एक पाट सरकवला आणि रुंद, केसाळ ब्रश दिला. तिने लाल रंग घेतला. पाटाला कापरा हात चालतो. रुंद ब्रशखाली सगळं झाकून जातं. कडेने सोनेरी पट्टा ओढला. नागमोडी आला, तसाच नक्षीसारखा दिसला.

मामा जाता जाता वाकला. पाट बघितला. तिच्याकडे बघितलं. खूप मायेने बघितलं, तेच वाईट.

"छान," तो म्हणाला.