गाठीचं झाड

"काठी ठेवा खाली, वन्सं."

"का ठेवू? माझ्या आईची आहे."

"आत्याबाईंची आहे म्हणूनच म्हणते. खाली ठेवा."

आई जाऊन सोळा दिवस झाले होते आणि आम्ही नणंद-भावजय एका काठीवरून भांडत होतो. कमरेएवढी काठी, टोकाला लोखंड बसवलेलं, मुळं खणायची. आईच्या पंजानं तिची मूठ इतकी झिजली होती की त्या खळग्यात दुसऱ्या कुणाची बोटं नीट बसत नसत. घरात आईची भांडी होती, दोन शेळ्या होत्या, कानातलं होतं. त्यातलं काहीच मी मागितलं नाही. दादा म्हणाला होता, "तुला हवं ते ने." मी काठी म्हटल्यावर त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि मुकाट्यानं वीटभट्टीवर कामाला निघून गेला.

"शहरात काय खणणार आहात?" वहिनी म्हणाली. "फरशी?"

"भिंतीला टेकवून ठेवीन. आठवण म्हणून."

"काठी काय टेकवून ठेवायची वस्तू आहे? महिनाभर माती लागली नाही तर लोखंड गंजतं." तिनं हंडा कमरेवर घेतला. "पाणी घेऊन येते, मग बोलू. तोवर कुणी आलं तर बसवून ठेवा."

बसवून ठेवा. माझ्या आईच्या दाराशी आलेल्या माणसाला बसवून ठेवायचं, एवढंच माझं काम.

आमची माणसं डोंगराच्या पोटाशी राहणारी. खालच्या गावातले आम्हाला रानवट म्हणतात, पण अंगात ताप भरला की त्याच रानवटांच्या उंबऱ्याशी कांबळ पांघरून बसतात. आईकडे सत्तर-ऐंशी मुळ्या-सालींची ओळख होती. ती ओळख कुठं लिहिलेली नव्हती. ती तिच्या नाकात आणि बोटांत होती. नखं कायम काळपट हिरवी. शेवटची चार वर्षं तिला दिसत नव्हतं. तेव्हा वहिनीनं खणून आणायचं आणि आईनं तिचा हात हुंगून सांगायचं, बरोबर की चूक.

आता वहिनीचीही नखं तशीच झाली होती आणि तिच्या हाताला आईच्या हाताचा वास येत होता. ताट वाढायला ती वाकली की तो वास यायचा आणि मी ताट मागं सारायची. सोळा दिवसांत जे जे दाराशी आले ते माझ्याकडे बघून हळहळले, "फार गुणी बाई होती गं," म्हणाले, आणि लगेच मान लांब करून विचारू लागले, "धाकटी कुठंय?" मी पोटची, आणि धाकटी म्हणजे ती.

ती या घरात आली त्याच वर्षी मी वसतिगृहात गेले. अकरा वर्षांची होते. त्याआधी मी आईच्या मागं मागं डोंगरावर फिरायची, तिची झोळी धरायची. एकदा म्हणाले होते, "आई, मला शिकव." ती म्हणाली, "तू पुस्तक वाच." पुढं मी पुष्कळ वाचलं. आता पोरांना शिकवते. पण दर सुट्टीला घरी यावं तर डोंगराच्या वाटेवर आईच्या मागं वहिनी दिसायची, झोळी तिच्या खांद्यावर. माझी जागा रिकामी राहिली असती तरी मला चाललं असतं. ती भरली होती.

उन्हाळ्यात पाणी कोसभर लांब जातं, दोन-अडीच तास मोडतात. वहिनी पाण्याला गेली आणि थोड्याच वेळात सुतारकाका आले. खालच्या गावातले. भर उन्हात अंगावर घोंगडी, दात वाजत होते.

"धाकटी कुठंय?"

"पाण्याला गेलीय. बसा."

"बसतो कुठला, पडतोच." ते ओसरीवर आडवे झाले. "तीन दिवस झाले, एक दिवसाआड भरतोय. आज भरायचा दिवस. आता असा थंडावलोय, दुपारी भट्टी पेटेल बघ." मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. "ही मूठ माझी हं. बाभळीची. म्हातारीनं तीनदा परत पाठवली होती. म्हणे, हातात रुतते. शेवटी मी म्हटलं, बाई, हातच नवा करून देऊ का?"

मी हसले. सोळा दिवसांत पहिल्यांदा.

"तू का नाही देत औषध?" ते म्हणाले. "म्हातारीची लेक म्हणजे अर्धी म्हातारी. का मास्तरीण झालीस म्हणून हाताला माती लागत नाही?"

"लागते की."

"मग? तापाचं मूळ माहीत नाही होय?"

"माहीत आहे," मी म्हणाले.

खोटं नव्हतं. तापाच्या मुळाला आई नुसतं 'कडू' म्हणायची. त्याचा वेल पावसात हिरवा असतो. उन्हाळ्यात सगळा वाळून जातो आणि जमिनीवर उरतात काड्या. कोरड्या रानातल्या हजार काड्यांमधली एक. पण आई पावसाळा सरता सरता जुन्या लुगड्याचा काठ फाडायची आणि त्याच्या चिंध्या काही वेलांच्या बुडाशी बांधायची. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं उन्हाळ्यात सापडावं म्हणून खूण करते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चिंधी दिसली की खाली औषध. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"पडून राहा," मी म्हणाले. "आलेच."

डोंगर तव्यासारखा तापला होता. मुरूम पायाखालून सरकत होता, वाळलेलं गवत पोटऱ्यांना ओरबाडत होतं. पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. वहिनी परत येईल, ओसरीवर सुतारकाका काढा पीत बसलेले असतील, आणि मी तिला म्हणेन, "घाई नव्हती गं, मी दिलं." एवढंच वाक्य मी चढणभर घोळवत होते.

चिंधी सापडली. खडकाच्या आडोशाला, मनगटाएवढ्या जाड बुंध्याला, विटून मातीच्या रंगाची झालेली. मी काठी घातली. जमीन अशी कडक की प्रत्येक घावाला खांद्यापर्यंत झिणझिण्या येत होत्या. तळहाताला फोड आला, फुटला. तास गेला असेल. मूळ लहान पोराच्या मांडीएवढं निघालं, खाली तीन फाटे. मी ते पुरतं काढलं, एक फाटा तुटला तोही झोळीत टाकला. कापल्या जागी हुंगलं. कडू. आईचा हात. मी तिथंच बसले आणि आई गेल्यापासून रडले नव्हते ते रडले.

खाली आले. सुतारकाका उठून बसले होते. मी मूळ त्यांच्यापुढं ठेवलं, बुडाच्या चिंधीसकट.

तापातलं माणूस, पण दातांचं वाजणंसुद्धा थांबलं.

"हे कुठून काढलंस?"

"वरून. खडकापाशी."

"पोरी, हे गाठीचं आहे."

"म्हणूनच काढलं. आईनंच गाठ मारलीय."

"अगं, गाठीचं काढायचं नसतं!" त्यांनी दोन्ही हात मागं घेतले, जणू मूळ चावणार होतं. "गाठ मारली म्हणजे हे राखलेलं. बी धरायला. आमच्या गावची पोरं चिंधी बघून शेळ्या वळवतात. तुला... तुला एवढं ठाऊक नाही?"

आणि तेवढ्यात वहिनी हंडा घेऊन दारात उभी राहिली.

मी वाट बघत होते. तिनं ओरडावं, म्हणावं, "उचलली काठी आणि निघाल्या," म्हणजे मलाही तोंड उघडता आलं असतं. तिनं हंडा उतरवला. मूळ उचललं, लेकराला घेतात तसं, खालून हात घालून. तुटलेला फाटा वेगळा ठेवला. आपल्या पदराचं टोक पाण्यात बुडवलं, मुळाला गुंडाळलं.

"काका, थोडं थांबा. वन्सं, घागर घ्या आणि काठी घ्या."

मी घेतली.

सबंध चढण ती पुढं, मी घागर घेऊन मागं. खड्ड्यापाशी आल्यावर तिनं आधी आतली माती हातानं मोकळी केली, मूळ होतं तशा दिशेनं बसवलं, बाजूनं माती लोटली आणि टाचेनं दाबली. अगदी आईसारखी, आधी डावी टाच मग उजवी. मी पाणी घातलं. मातीनं ते गटकन पिऊन टाकलं.

"किती जुनं होतं?" मी विचारलं.

"मी लग्न होऊन आले तेव्हा गाठ बांधलेलीच होती." ती खडकाच्या सावलीला टेकली. "या अंगाला जेवढं कडू आहे ते हिचंच. बी खाली गडगडतं. आईच्या खाली लेकरं. गाठ दिसली की तिच्या खाली दोन हात खणायचं, तेही अर्धं मूळ काढायचं, अर्धं ठेवायचं. पहिल्या वर्षी मीपण गाठीपाशीच काठी घातली होती."

"मग?"

तिनं उजव्या हाताची मूठ पुढं केली. मधल्या दोन बोटांची पेरं वाकडी होती. इतकी वर्षं मी तिच्या हाताचा वास घेत होते, हात बघितला नव्हता.

"याच काठीनं. चूक निघाली की फटका. तुम्हाला कधी मारलं होतं त्यांनी?"

"नाही."

"नाहीच मारणार." ती खालच्या गावाकडे बघत बोलत होती. "तुमचं पत्र आलं की सुतारकाकांना बोलवायच्या. एकदा वाचून झालं की परत वाच. मग दोन दिवस मुळ्या नाहीत, साली नाहीत, नुसतं 'माझी लेक असं म्हणते, माझी लेक तसं म्हणते'. मी पाटा-वरवंटा करत ऐकायची. मला वाटायचं, आग लागो त्या पत्रांना."

घागरीत उरलेलं पाणी मी बुंध्याशी ओतलं.

"तुम्ही वसतिगृहात निघालात त्या दिवशी त्यांनी तुमच्या मनगटाला लुगड्याचा काठ फाडून बांधला होता. मी नवी नवरी, दाराआडून बघत होते. तेव्हा कळलं नाही. मग पावसाळा सरला, वेलांना बांधताना बघितलं आणि कळलं." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "चौदा वर्षं फटके खाल्ले, वन्सं. मनात यायचं, एकदा तरी माझ्या मनगटाला एक चिंधी बांधतील."

ती चिंधी मला आठवत होती. निळा काठ. इतक्या मुलींत हरवू नये म्हणून आईनं खूण केली असेल, असं मला वाटलं होतं. मुली हसल्या. तिसऱ्या दिवशी मी शिवणाच्या कात्रीनं ती कापली आणि खिडकीबाहेर टाकली.

हे मी वहिनीला सांगितलं नाही.

बुंध्यावरची गाठ खणताना ढिली झाली होती. मी ती आवळून बांधली. वहिनीनं क्षणभर बघितलं, सोडली आणि आपल्या पद्धतीनं पुन्हा बांधली. मला राग आला. मेलं, एवढंही मला जमू द्यायचं नाही. मग तिनं दोन हात खाली जाऊन एका साध्या काडीशी काठी घातली. पंधरा-वीस घावांत बोटभर मूळ बाहेर.

चौथ्या दिवशी सकाळी सुतारकाका स्वतःच्या पायांनी चढून आले, मागं दोन बायका आणि एक खोकणारा म्हातारा.

"उतरला! पाळी चुकली तापाची!" ते वाटेवरूनच ओरडत होते. "म्हटलं नव्हतं? लेक ती लेक! म्हातारीचा हात उतरलाय हिच्यात. हो, आधी चुकली थोडी, पण तास-तास उन्हात खणलं माझ्यासाठी. गुण आला तो लेकीच्या हाताला!"

त्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. पहिल्यांदाच कुणी 'धाकटी कुठंय' विचारलं नाही. आत पाट्यावरचा वरवंटा थांबला.

ते फार गोड होतं. खोटं कशाला बोलू? मी ते दोन-तीन श्वास तोंडात धरून ठेवलं. मग वळून बघितलं तर वहिनी खाली मान घालून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला पाठ होतं. मी ते वर्षानुवर्षं आरशात बघितलं होतं.

"मूळ वहिनीनं काढलं, काका," मी म्हणाले. "काढाही तिचाच. माझ्यावर राहिला असतात तर डोंगरही गेला असता आणि तुम्हीही."

"मग तू केलंस काय?"

"पाणी घातलं."

"बरं झालं, कशाला तरी लागलीस," ते म्हणाले, आणि सगळे हसले. वहिनीही. वरवंटा पुन्हा चालू झाला.

मी निघाले तेव्हा काठी दाराआड तिच्या जागी होती. मी हात लावला नाही. वहिनी वाटेपर्यंत आली.

"पाऊस लागेपर्यंत रोज एक घागर घालावी लागेल," ती म्हणाली. "जगेल का नाही, सांगता येत नाही."

"मी पत्र टाकीन."

"कुणाला?" ती म्हणाली.

शहरात आल्यावर मी पत्र लिहिलं. पत्त्यावर सवयीनं हात आईच्या नावाकडे गेला. थांबवला, आणि वहिनीचं नाव घातलं. पाऊस लागल्यावर महिनाभरानं उत्तर आलं. अक्षर सुतारकाकांचं, बोलणं तिचं.

'वन्संना नमस्कार. पत्र काकांनी दोनदा वाचलं. मीच म्हटलं परत वाचा. गाठीचं झाड अजून गप्प आहे. खालची नऊ फुटली. मी रोज जाऊन येते. चिंधी सोडलेली नाही.'

वाचून पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की रोज तिथं ती जाते, मी नाही. मग मी पत्र परत वाचलं.